घरचे टपाल आणि त्याची कुलुपे



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव 'संगणकावरील ई-मेल : वाचन, लेखन व सुरक्षितता' असे छापले आहे. ते वाचून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, हे तर आम्हांला येते. सकाळच्या चहाबरोबर आम्ही फोनवर ई-मेल पाहतोच, त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? शंका रास्त आहे. परंतु ई-मेल पाहता येणे ही एक गोष्ट आणि आपले टपाल आपल्या ताब्यात असणे ही दुसरी. बँकेची पत्रे, विम्याचे कागद, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, तपासणीचे अहवाल, परदेशी गेलेल्या मुलीची खुशाली, असे जे जे पूर्वी कपाटाच्या खणात नाही तर माळ्यावरच्या ट्रंकेत राहत असे, ते सारे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या एका वाटेने येऊ लागले. ते आता कोठे असते, कोणाकोणाला वाचता येते, आणि ज्या कंपनीकडे ते आहे तिने उद्या आपले खाते बंद केले तर आपल्या हाती काय उरते, हे प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

असल्या प्रश्नांवर मोघम बोलण्यात अर्थ नाही. एखादे साधन समोर ठेवावे लागते. मी थंडरबर्ड नावाचा प्रोग्रॅम निवडला आहे. आउटलुक किंवा अ‍ॅपलचा मेल वापरणारांनी नाराज होऊ नये. तत्त्व तेच आहे. थंडरबर्ड विनामूल्य मिळतो, विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि तो कसा बनविला आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला उघड पाहता येते. कुलपाविषयी बोलताना ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

प्रथम ई-मेल ही वस्तू काय आहे ते पाहू. १९७१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला निरोप धाडला. मौज अशी की, हे दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारीशेजारी होते. माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये आज आपण जे 'अ‍ॅट' हे चिन्ह घालतो ते त्यानेच योजले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपाल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे द्यावे याचे नियम लिहिले. त्या नियमावलीला एस.एम.टी.पी. म्हणतात. तिच्यात पुढे पुष्कळ भर पडली, पण जगातले ई-मेल आजही तिच्याच पायावर चालते. त्या वेळी ते वापरणारी मंडळी विद्यापीठांतली, थोडकी, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. त्यांना कुलपाची गरज काय? म्हणून त्या नियमांत कुलूप नव्हते, आणि पाठविणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानण्याची पद्धत होती.

आपल्याकडे जुलै १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. कार्ड पेटीत टाकले की ते वाटेतल्या कोणालाही वाचता येते, हे लिहिणाराला ठाऊक असे. म्हणून तो त्यावर बेताचेच लिही. ई-मेल हे मूळचे असे कार्ड आहे. फरक एवढाच की ते पाकिटासारखे दिसते, आणि म्हणून आपण त्यात पाकिटातला मजकूर लिहितो. साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

हे टपाल घरी कसे येई? भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येत असे आणि मिनिटामिनिटाला पैसे पडत. म्हणून संगणकावरचा प्रोग्रॅम फोन लावी, आलेली पत्रे उतरवून घेई, लिहिलेली पत्रे देऊन टाकी आणि फोन ठेवी. मग आपण निवांतपणे वाचीत बसावे. यासाठी युडोरा नावाचा एक नामांकित प्रोग्रॅम होता. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो १९८८ साली लिहिला, आणि पोस्टात राहावयास गेलेल्या बाईची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेचे नाव त्याला दिले. ४ जुलै १९९६ ला साबीर भाटिया व जॅक स्मिथ यांचे हॉटमेल निघाले. आता कोणत्याही गावच्या कोणत्याही संगणकावर बसून पत्र वाचता येऊ लागले. मात्र पत्र घरी येईनासे झाले. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने एक गिगाबाइट जागा फुकट देऊ केली, आणि लोक पत्रे काढून टाकावयाचेही विसरले. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण आपली ट्रंक दुसऱ्याच्या घरी गेली, तीही भाडे न ठरविता.

थंडरबर्ड याच उलट प्रवाहात निघाला. मोझिला या संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती काढली. २०१२ साली त्या संस्थेने त्यातून पुष्कळसे अंग काढून घेतले. आता हा प्रोग्रॅम मागे पडणार असे दिसू लागले. तेव्हा वापरणारांनी देणग्या देऊन तो जगविला, आणि २०२० पासून त्यासाठी मोझिलाच्या छत्राखाली स्वतंत्र कंपनी आहे. आपल्या जुन्या ग्रंथालयांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

प्रोग्रॅम प्रथम उघडला की तो आपले नाव, पत्ता आणि परवलीचा शब्द विचारतो. टपालकचेरीचा, म्हणजे सर्व्हरचा, ठावठिकाणा तो बहुधा स्वतः शोधून काढतो. गूगलचे खाते असेल तर मध्येच गूगलची खिडकी उघडते आणि तेथे परवानगी द्यावी लागते. बाहेरच्या प्रोग्रॅमला नेहमीचा परवलीचा शब्द सरळ देण्याची रीत गूगलने घरगुती खात्यांसाठी २०२२ मध्ये बंद केली. यात घाबरण्याजोगे काही नाही. विचार करावयाचा तो एका ठिकाणी: आय-मॅप की पॉप?

पॉप म्हणजे कचेरीत जाऊन आपली पत्रे पिशवीत भरून घरी आणणे. तशी सूचना दिली नाही तर कचेरीत मागे काही राहत नाही. आय-मॅप म्हणजे पत्रे कचेरीतच, आपल्या नावाच्या खणात. आणि घरी, फोनवर, कामाच्या ठिकाणी त्या खणाचे हुबेहूब प्रतिबिंब. ज्याच्याकडे फोनही आहे आणि संगणकही आहे त्याने आय-मॅपच घ्यावे, असे माझे मत आहे. परंतु त्यातली मेख लक्षात ठेवली पाहिजे. प्रतिबिंब म्हणजे नक्कल नव्हे. संगणकावर पत्र काढून टाकले की ते खणातूनही जाते. खण रिकामा झाला की आरसाही रिकामा होतो. 'सर्व पत्रे माझ्या संगणकावर आहेत, आता काळजी नाही' असे म्हणणारे अनेक चिटणीस आणि खजिनदार भेटतात. त्यांची पत्रे संगणकावर असतात खरी, पण कचेरीच्या मर्जीने.

यावर उपाय सोपा आहे. थंडरबर्डच्या डाव्या बाजूस 'लोकल फोल्डर्स' या नावाखाली जे कप्पे असतात ते केवळ आपल्या संगणकावरचे. वर्ष संपले की जुनी पत्रे तेथे उतरवावीत, म्हणजे ती कचेरीच्या हुकमतीतून सुटतात. हलविण्याऐवजी नक्कल ठेवली तर अधिक बरे. मग प्रोग्रॅमची 'प्रोफाइल' नावाची जी पेटी असते ती संपूर्ण, प्रोग्रॅम बंद असताना, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. महिन्यातून दहा मिनिटांचे काम आहे. सुतार बिघडला तरी कपाट राहते तसे आहे हे; प्रोग्रॅम नवा बसविता येतो, पत्रे नव्याने येत नाहीत.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. काढून टाकलेले पत्र कचऱ्याच्या पेटीतूनही काढले तरी त्याचा मजकूर डिस्कवरच्या फाइलीत काही काळ तसाच पडून असतो. कप्पा 'कॉम्पॅक्ट' केला, म्हणजे दाबून बसविला, की तो फाइलीतून जातो. जुना संगणक विकणारांनी एवढ्यावरही विसंबू नये. पत्रांची सारी डिस्कच पुसून द्यावी.

वाचण्याविषयी फार सांगावे लागत नाही. डावीकडे कप्पे, मध्ये पत्रांची यादी, शेजारी पत्र. बँकेचे पत्र आपोआप बँकेच्या कप्प्यात जावे अशी व्यवस्था 'फिल्टर'ने करता येते. नको असलेली पत्रे 'जंक' म्हणून दाखवीत गेलो की प्रोग्रॅम हळूहळू ती स्वतः ओळखू लागतो. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष असावे. पत्रात बाहेरून येणारी चित्रे असली तर थंडरबर्ड ती अडवितो आणि आपल्याला विचारतो. हा त्याचा हेकटपणा नव्हे. त्या चित्रांत टिंबाएवढे एखादे अदृश्य चित्र असते. ते आपल्या संगणकाने मागितले की पाठविणाराला कळते, की पत्र उघडले, अमुक वेळी आणि साधारण अमुक ठिकाणी. ओळखीच्याखेरीज कोणाचीही चित्रे उघडू नयेत.

दुसरी गोष्ट प्रेषकाच्या नावाची. पाकिटाच्या पाठीवर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच येथे. अलीकडे टपालकचेऱ्या एकमेकींकडे चौकशी करू लागल्या आहेत, त्यामुळे ढोंगे पुष्कळ पकडली जातात. पण नाव बँकेचे आणि पत्ता भलत्याच गावचा, ही लबाडी चौकशीतून निसटते. म्हणून नाव वाचू नये, नावापुढचा सबंध पत्ता वाचावा, आणि त्यातही 'अ‍ॅट'च्या पुढचा भाग. दुव्यावर टिचकी मारण्यापूर्वी बाण नुसता त्यावर धरला तर खिडकीच्या तळाशी खरा ठिकाणा दिसतो. मोठ्या पडद्याचा हा एक फायदा आहे. फोनवर ही तपासणी अवघड जाते. इतके करूनही पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. लाजेपायी दोन दिवस घालवू नयेत.

आता लेखन. 'सीसी' ही अक्षरे टाइपरायटरच्या कार्बन कागदाची आठवण आहेत. कार्बन गेला, अक्षरे राहिली. 'बीसीसी' म्हणजे जिचा पत्ता इतरांना दिसत नाही अशी नक्कल. सोसायटीच्या शंभर सभासदांना सूचना पाठविताना चिटणीस सर्वांचे पत्ते 'टू'मध्ये घालतात आणि शंभरांचे पत्ते शंभरांना वाटून बसतात. मग त्यांतल्या एकाच्या संगणकात चोर शिरला, की सारी यादी त्याच्या हाती जाते. अशा वेळी 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता घालावा, बाकी सारे 'बीसीसी'त.

जोडपत्राची एक खुबी सांगण्यासारखी आहे. पत्रात 'अटॅच्ड' वगैरे शब्द आले आणि कागद जोडलेला नसला तर थंडरबर्ड आठवण करतो. हे शब्द इंग्रजी आहेत. पण त्या यादीत आपले शब्द घालता येतात. 'सोबत', 'जोडले आहे', 'जोडपत्र' हे तीन शब्द आजच घालावेत. शिवाय जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, कारण तिचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहिले जातात. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइटची आहे; तेव्हा १८ मेगाबाइटच्या पुढची फाइल गेली नाही तर प्रोग्रॅमला दोष देऊ नये.

मराठीत लिहिण्याचा प्रश्न आता मिटला आहे, पण तो होता. टॉमलिन्सनच्या आणि पोस्टेलच्या टपालाला केवळ इंग्रजी मुळाक्षरे ठाऊक. १९९२ साली माइम नावाचे नियम आले तेव्हा चित्रे आणि इतर लिप्या नेण्याची सोय झाली. तरी अमेरिकेत वा इंग्लंडात असलेली मराठी मंडळी त्या दशकात रोमन अक्षरांत मराठी लिहीत, नाही तर एखाद्या खास फाँटात. तो फाँट पलीकडे नसला की आईचे पत्र म्हणजे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी. युनिकोड रुळले तेव्हा ही आपत्ती टळली. थंडरबर्डमध्ये विषयाच्या ओळीपासून कप्प्याच्या नावापर्यंत सारे देवनागरीत लिहिता येते.

आता कुलुपांकडे वळू. कुलूप एक नाही, तीन आहेत, आणि लोक एकाला दुसरे समजतात.

पहिले रस्त्याचे. आपल्या संगणकापासून कचेरीपर्यंतचा प्रवास बंद गाडीतून व्हावा, अशी व्यवस्था टी.एल.एस. या पद्धतीने होते. खात्याच्या सेटिंगमध्ये आय-मॅपपुढे ९९३ व पाठविण्याच्या सर्व्हरपुढे ४६५ असे आकडे दिसले तर ती गाडी साधारणपणे बंद आहे असे समजावे. चहाच्या दुकानातल्या वाय-फायवर बसलेला शेजारी मग आपले पत्र वाचू शकत नाही. पण गाडी कचेरीत पोचली की उघडते. तेथे पत्र उघड्या कार्डासारखेच असते, आणि पुढच्या कचेरीपर्यंत गाडी बंद असेल की नाही हे आपल्या हाती नाही.

दुसरे घराचे. थंडरबर्डमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' ठेवता येतो. लोकांची समजूत अशी, की त्याने पत्रे कुलपात गेली. तसे नाही. त्याने साठविलेले परवलीचे शब्द आणि किल्ल्या सुरक्षित होतात. पत्रे डिस्कवर वाचण्याजोगीच पडून असतात. संगणक चोरीला गेला तर चोराला ती दुसऱ्या मार्गाने काढता येतील. पत्रांना कुलूप हवे तर सबंध डिस्कलाच घालावे लागते: विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. हे काम प्रोग्रॅमचे नव्हे, घरमालकाचे आहे.

तिसरे पत्राचे स्वतःचे. या कुलपात पत्र आपल्या टेबलावर बंद होते आणि ज्याला लिहिले त्याच्याच टेबलावर उघडते. मधल्या एकाही कचेरीला ते वाचता येत नाही. हे शक्य कसे झाले? १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी एक विलक्षण कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिचा गणिती मार्ग दाखविला. समजा, मी माझी शंभर उघडी कुलुपे गावभर वाटली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. ज्याला मला लिहावयाचे त्याने पत्र पेटीत घालून माझे कुलूप दाबून लावावे. लावताना किल्ली लागत नाही. उघडताना लागते, आणि ती माझ्याजवळच आहे. या वाटलेल्या कुलपाला 'पब्लिक की' म्हणतात. तीच जोडी उलट्या रीतीने वापरली की लाखेच्या मोहोरेचे काम होते: पत्रावर माझी अशी सही, जी इतरांना तपासता येते, पण करता येत नाही, आणि मजकुरात कोणी काना-मात्रा बदलली तर मोहोर फुटलेली दिसते.

हे सामान्य माणसाच्या हाती दिले ते फिल झिमरमन यांनी, १९९१ मध्ये, पी.जी.पी. या प्रोग्रॅमच्या रूपाने. तो देशाबाहेर पसरला. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात असल्या कुलपांची गणना युद्धसामग्रीत होत असे. झिमरमनवर १९९३ पासून चौकशी सुरू झाली. तेव्हा १९९५ मध्ये एम.आय.टी. प्रेसने त्या प्रोग्रॅमचा सारा मूळ मजकूर छापील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध केला. ग्रंथाला तोफ म्हणणे सरकारलाही जड गेले असावे. जानेवारी १९९६ मध्ये चौकशी खटल्याविना बंद झाली. त्याच पद्धतीचे ओपन-पी.जी.पी. हे रूप जुलै २०२० मध्ये आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डच्या पोटातच आहे.

खात्याच्या सेटिंगमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असा भाग आहे, तेथे किल्लीची जोडी तयार होते. मित्राचे कुलूप पत्रासोबत आले की ते स्वीकारावयाचे. पण ते त्याचेच आहे ना, हे पाहावयाचे. प्रत्येक कुलपाला बोटाच्या ठशासारखी अक्षरांची व आकड्यांची ओळ असते, बहुधा चाळीस चिन्हांची. मित्राला फोन करून ती वाचून घ्यावी. ई-मेलनेच विचारू नये, कारण तोतयाही 'होय, माझेच' असेच उत्तर देईल. आणि आत काय आहे हे या कुलपाने झाकले तरी कोणी कोणाला केव्हा लिहिले हे झाकत नाही. विषयाची ओळ थंडरबर्ड झाकू शकतो. पलीकडच्या प्रोग्रॅमला ते कळत नसेल तर तेथे नुसती तीन टिंबे दिसतात.

कोणी म्हणेल, हे इतके चांगले आहे तर सारे जग का वापरीत नाही? प्रश्न योग्य आहे, आणि भाबडेपणाने उत्तर देण्यात अर्थ नाही. १९९९ साली अल्मा व्हिटन व डग टायगर यांनी बारा जणांना नव्वद मिनिटे देऊन पी.जी.पी. वापरावयास सांगितले. पत्र नीट सही करून कुलपात घालणे फक्त एक-तृतीयांश लोकांना जमले, आणि तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. डिसेंबर २०१२ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला नाव न सांगता कळविले की, तुम्ही हे कुलूप बसवा, मला काही सांगावयाचे आहे. ग्रीनवाल्ड यांनी ते बसविलेच नाही. स्नोडेन मग लॉरा पॉइट्रस यांच्याकडे वळले, कारण त्यांना ते येत होते. जगातली एवढी मोठी बातमी एका प्रोग्रॅमच्या कंटाळ्यापायी काही महिने अडून राहिली. थंडरबर्डने ही वाट पुष्कळ सोपी केली आहे. पण पलीकडच्या माणसानेही ती चालली पाहिजे, ही अट कोणालाच सोडविता आलेली नाही.

तेव्हा वाणसामानाच्या यादीला हे कुलूप लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. वकील आणि अशील, डॉक्टर आणि रुग्ण, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा, मृत्युपत्राचा मसुदा धाडणारा म्हातारा आणि त्याचा मुलगा, यांनी मात्र एक रविवार खर्ची घालावा. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने सरकार विशिष्ट कारणांसाठी असे पत्र उलगडून देण्याचा हुकूम करू शकते, हेही माहीत असावे. हे कुलूप कायद्याविरुद्धचे नाही, चोरट्या डोळ्यांविरुद्धचे आहे.

शेवटी किल्लीची काळजी. ही किल्ली हरवली तर नवी करून देणारी टपालकचेरी नाही, कंपनीही नाही. तिच्याने बंद केलेली पत्रे कायमची बंद राहतात. थंडरबर्ड किल्लीला तीन वर्षांची मुदत सुचवितो. मुदत वाढविता येते, आणि उघडण्याची शक्ती मुदतीनंतरही जात नाही. किल्ली केली त्याच दिवशी 'बॅकअप' घेऊन ती पेन-ड्राइव्हवर ठेवावी. त्या वेळी प्रोग्रॅम एक परवलीचा शब्द मागतो. तो शब्द कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा, आणि पेन-ड्राइव्ह मात्र दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवावा. पाकीट कोठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.